वर्डप्रेसचा अंगभूत साइटमॅप मराठी साइटला पुरतो का?

नवी साइट उभी राहिली की कुणीतरी सांगतंच, ‘एसईओचं प्लगइन (साइट शोधात नीट दिसावी म्हणून वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्रॅम) टाक, साइटमॅप लागतो.’ खरं तर वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे ११ ऑगस्ट २०२० पासून, साइटमॅप आपोआपच तयार होतो. तो पाहायला आपल्या साइटच्या पत्त्यापुढे ‘/डब्ल्यूपी-साइटमॅप.एक्सएमएल’ एवढं इंग्रजी अक्षरांत टाकायचं. पाककृतींची साइट, दिवाळी अंकाची साइट, एखाद्या संस्थेची किंवा दवाखान्याची साइट, हजार-दोन हजार लेखांचा जुना ब्लॉग, या सगळ्यांना तो पुरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. बातम्यांच्या साइटला तो पुरत नाही. ज्यांच्याकडे लेखांपेक्षा टॅग जास्त झालेत त्यांना तो अडचणीत आणतो.

या फाइलकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. साइटमॅप म्हणजे शोधयंत्रासाठी ठेवलेली पत्त्यांची यादी, इतकंच. ती वाचून गूगलबॉट, म्हणजे गूगलचा पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पान पाहायला येऊ शकतो. त्याने यावंच, आणि आल्यावर पान इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यात, घ्यावंच, असं बंधन त्याच्यावर नाही. क्रमवारीत वर चढवणं हे या फाइलचं कामच नाही. साधारण ५०० पानांपर्यंतच्या, आतले दुवे नीट जोडलेल्या साइटला साइटमॅपची गरज नसेलही, असं गूगलचंच मार्गदर्शन सांगतं. चाळीस पानांच्या साइटचा साइटमॅप ‘ऑप्टिमाइझ’ करून देण्याचे पैसे कुणी मागत असेल तर हे लक्षात ठेवा.

फाइलची रचना सुटसुटीत आहे. मुख्य फाइल ही नुसती अनुक्रमणिका असते. तिच्यात लेख, स्थिर पानं, वर्ग, टॅग आणि लेखक यांच्या वेगवेगळ्या उपफाइलींचे दुवे असतात. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन असेल तर उत्पादनं आणि उत्पादनांचे वर्ग यांच्या फाइली आपोआप वाढतात. साइटमॅपच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि न दाबलेल्या स्वरूपात ५० एमबी चालतात. वर्डप्रेस २,००० पत्त्यांवरच नवी फाइल सुरू करतो, आणि हे शहाणपणाचं आहे. फाइल मागणी आल्यावर डेटाबेसमधून तिथल्या तिथे बनते, त्यामुळे स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ५०,००० नोंदींची एकच फाइल बनवायची म्हटली तर सर्व्हर मधेच दम टाकेल. लेख आयडीच्या चढत्या क्रमाने लावलेले असतात. पहिल्या फाइली जवळपास तशाच राहतात आणि नवे लेख शेवटच्या फाइलीत जातात.

फाइल मागणीनुसार बनते याचा दुसरा अर्थ असा, की ती सर्व्हरवर कुठेच ठेवलेली नसते. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली पाहण्याच्या सोयीने, जाऊन शोधणाऱ्यांना ती सापडत नाही आणि ‘साइटमॅप गायब आहे’ अशी तक्रार येते. उलट गोंधळही होतो. कधीकाळी एखाद्या ऑनलाइन जनरेटरवरून बनवून चढवलेली ‘साइटमॅप.एक्सएमएल’ मूळ फोल्डरमध्ये पडून असते. एरवी वर्डप्रेस त्या नावाची मागणी स्वतःच्या साइटमॅपकडे वळवतो, पण खरी फाइल हजर असेल तर सर्व्हर तीच देतो. मग गूगल कित्येक वर्षांपूर्वीची यादी वाचत बसतं. अशी फाइल दिसली की आधी काढून टाका.

बराच काळ या साइटमॅपची मोठी उणीव होती ती ‘लास्टमॉड’ची, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं त्या तारखेची. ती एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ६.५ या आवृत्तीत भरून निघाली. ६.५ च्या आधीची आवृत्ती चालवत असाल तर प्लगइन शोधण्याऐवजी वर्डप्रेस अद्ययावत करा. ‘प्रायॉरिटी’ (पानाचं महत्त्व, आकड्यात) आणि ‘चेंजफ्रीक’ (पान किती वेळा बदलतं) हे दोन रकाने यात नाहीत, आणि नाहीत तेच बरं, कारण गूगल दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. ०.८ ठेवू की ०.९ यावर खल करण्यात वेळ घालवू नये. तारखेला मात्र गूगल किंमत देतं, पण ती सातत्याने खरी निघत असेल तरच. इथे वर्डप्रेसची एक खोड आड येते. लेखात एक स्वल्पविराम बदलून ‘अपडेट’ दाबलं तरी तारीख बदलते, आणि यादीतून शंभर लेख निवडून त्यांचा वर्ग एकगठ्ठा बदलला तर शंभरही लेख ‘आज बदललेले’ होतात. असं वारंवार झालं की त्या तारखांवरचा विश्वास उडतो. एकगठ्ठा बदल जपून करा.

मराठी पत्त्यांचा घोळ

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतो आणि तो डेटाबेसमध्ये २०० अक्षरांच्या रकान्यात ठेवतो. इंग्रजी शीर्षकाला २०० अक्षरं भरपूर झाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात. हिशेब केला तर सगळी मिळून जेमतेम बावीस चिन्हं मावतात.

‘कोल्हापुरी तांबडा रस्सा’ हेच शीर्षक घ्या. १०, ६ आणि ५ मिळून २१ चिन्हं, त्यांची १८९ अक्षरं, वर दोन जोडरेषा, एकूण १९१. हे बसलं. पुढे ‘कृती’ लिहायला गेलात तर जोडरेषा आणि ‘क’ मिळून दहा अक्षरं वाढतात, बेरीज २०१ होते आणि ‘क’सुद्धा आत येत नाही. आता ‘कोल्हापुरी तांबडा रस्सा कृती’ आणि ‘कोल्हापुरी तांबडा रस्सा मसाला’ असे दोन लेख लिहिले तर दोघांचा पत्ता एकच होतो, आणि वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी ‘-२’ लावून मोकळा होतो. इतर शीर्षकांत शब्द मधेच तुटतो, क्वचित जोडाक्षराचा पाय मोडून पत्ता हलन्तावर संपतो. साइटमॅप उघडला की असे तुटके पत्ते एकाखाली एक दिसतात. दोष साइटमॅपचा नाही, पण निस्तरायची वेळ तो पाहतानाच येते.

उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या चौकटीत स्वतः दोन-तीन शब्द लिहा. मराठीतच हवे असतील तर वीस चिन्हांच्या आत ठेवा, नाहीतर रोमन लिपीत लिहा. गूगलला दोन्ही चालतं. रोमन पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांची माळ होत नाही, हा त्याचा खरा फायदा. आधी प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर आपोआप वळवतो. ही सोय लेखांना आहे, ‘पेज’ प्रकारच्या पानांना नाही. तिथे रीडायरेक्ट हातानेच लावावं लागतं. लेख चांगले चालत असतील तर केवळ पत्ता देखणा दिसावा म्हणून जुन्यांना हात लावू नका.

साइटमॅपमध्ये मराठी पत्ते टक्क्यांच्या चिन्हांच्या लांबलचक रांगेसारखे दिसतात. ती बिघाडाची खूण नाही, साइटमॅपच्या नियमात पत्ते तसेच लागतात. लांबीमुळे फाइल फुगेल ही भीतीही नको. एका नोंदीला चारशे बाइट धरले तरी २,००० नोंदी एका एमबीच्या आत बसतात. हाताने साइटमॅप लिहिणाऱ्यांनी मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पत्त्यातली देवनागरी टक्केवारीच्या रूपात बदलून घ्यावी, ‘&’ हे चिन्ह एक्सएमएलच्या सांकेतिक रूपात लिहावं, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. आपल्या सवयीने १५-०८-२०२४ असं लिहिलं तर ती तारीख अवैध ठरते.

जाता जाता ब्लॉगरबद्दल. तिथेही साइटमॅप आपोआप बनतो, पण मराठी शीर्षकाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असा निरर्थक होतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी ‘कस्टम पर्मालिंक’मध्ये रोमन अक्षरांत पत्ता द्यावा लागतो. त्या बाबतीत वर्डप्रेस निश्चित पुढे आहे.

सर्च कन्सोलमध्ये काय पाहावं

साइटमॅपचा खरा उपयोग गूगल सर्च कन्सोलला, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते हे दाखवणाऱ्या त्याच्या साधनाला, जोडल्यावर होतो. ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी घ्या. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते, पण मग एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, सगळं एकाच जागी दिसतं. डावीकडच्या ‘इंडेक्सिंग’ गटात ‘साइटमॅप्स’ उघडा आणि पूर्ण पत्ता देऊन मुख्य फाइल सादर करा. आमचा सल्ला असा, की लेखांच्या, पानांच्या, वर्गांच्या आणि टॅगांच्या उपफाइलीही वेगळ्या सादर कराव्यात. मग ‘पेजेस’ अहवालात फाइलनिहाय गाळणी लावता येते. ‘लेखांपैकी किती इंडेक्समध्ये आहेत’ आणि ‘टॅगांपैकी किती’ हे वेगवेगळं कळलं तरच रोग कुठे आहे ते समजतं. सगळं एकत्र पाहिलं तर नुसता एक निराशाजनक आकडा दिसतो.

‘सक्सेस’ या हिरव्या शब्दाने हुरळून जाऊ नका. गूगलला फाइल वाचता आली, एवढाच त्याचा अर्थ. पानांची अवस्था ‘पेजेस’ अहवालात कळते. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळला, पण पान अजून पाहिलेलं नाही. इथपर्यंत साइटमॅपने आपलं काम केलं. पुढे आतले दुवे वाढवा आणि सर्व्हरचा वेग तपासा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पान पाहून बाजूला ठेवलं. तिथे साइटमॅप दहा वेळा पुन्हा सादर करून काही होत नाही. मजकूर पातळ आहे, किंवा तसंच दुसरं पान आधीच इंडेक्समध्ये आहे, हे बघा.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते ‘कुडन्ट फेच’. नव्या साइटवर हे बऱ्याचदा नुसतं ‘अजून वाचलेलं नाही’ या अर्थाने दिसतं आणि काही दिवसांत आपोआप जातं. गेलं नाही तर साइटमॅपचाच पत्ता वरच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये टाकून ‘लाइव्ह टेस्ट’ करा. गूगलला तो आणता येतो की नाही ते तिथेच कळतं. येत नसेल तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एखादं असतं.

सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. साइट बांधताना ती टिचकी मारलेली राहते आणि काढायची विसरते. ती चालू असेल तर वर्डप्रेस साइटमॅप बंदच ठेवतो आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ ही चूक, देतो. सगळ्यांत आधी हेच पाहा. इंजिनएक्स सर्व्हर असेल तर ‘.एक्सएमएल’ला स्थिर फाइल समजणारा एखादा नियम मागणी वर्डप्रेसपर्यंत पोचूच देत नाही, आणि दिसायला तेही ४०४ च. हे होस्टिंगवाल्याला सांगूनच सुटतं. ५०१ आला तर पीएचपीचं सिम्पलएक्सएमएल हे एक्स्टेन्शन बसवलेलं नाही. ४०३ असेल तर फायरवॉल किंवा बॉट-रोधक सेवा गूगलबॉटलाच अडवते आहे. आपल्या ब्राउझरमध्ये मात्र फाइल छान उघडते, म्हणून संशयही येत नाही.

फाइल येते पण ‘एक्सएमएलची घोषणा सुरुवातीला नाही’ अशा अर्थाची चूक दाखवते, तेव्हा थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलीत किंवा एखाद्या प्लगइनमध्ये पीएचपीच्या खुणेबाहेर रिकामी ओळ राहिलेली असते. ती ओळ साइटमॅपच्या आधी छापली जाते आणि पूर्ण फाइल अवैध होते. प्लगइन एकेक करून बंद करत गेलं की गुन्हेगार सापडतो. कॅशिंगचं, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून देणारं, प्लगइन असेल तर साइटमॅपला कॅशमधून वगळा, नाहीतर नवा लेख कॅशची मुदत संपेपर्यंत यादीत दिसणारच नाही.

बॉटनी काय पाहावं आणि काय नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलीबद्दल थोडंसं. वर्डप्रेस स्वतःच्या आभासी ‘रोबोट्स.टीएक्सटी’मध्ये साइटमॅपची ओळ आपोआप घालतो. तुम्ही खरी फाइल चढवली असेल तर आभासी फाइल बाद होते. मग ती ओळ पूर्ण पत्त्यासह हाताने लिहावी लागते.

अजूनही कित्येक लेखांत गूगलला ‘पिंग’ करण्याचा, म्हणजे साइटमॅप बदलल्याचं कळवण्याचा, पत्ता दिलेला आढळतो. ती सोय बंद करत असल्याचं गूगलने जून २०२३ मध्ये जाहीर केलं. त्याला पिंग पाठवून आता काहीच होत नाही. गूगलला प्रोग्रॅममधून थेट पत्ते कळवण्याच्या ‘इंडेक्सिंग एपीआय’ने झटपट इंडेक्स करून देतो म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. तो एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे, पाककृतींसाठी नाही.

प्लगइन कधी घ्यावं

अंगभूत साइटमॅपची आजची सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे काय आत जावं आणि काय नाही हे ठरवण्यासाठी एकही बटण नाही. एखादं पान ‘नोइंडेक्स’ करायची, म्हणजे ते इंडेक्समध्ये घेऊ नका असं शोधयंत्राला सांगायची, सोयही मूळ वर्डप्रेसमध्ये नाही. मराठी ब्लॉगांवर एका लेखाला पंधरा-पंधरा टॅग लावायची पद्धत आहे. ‘मिसळ’, ‘मिसळपाव’, ‘मिसळ पाव’ असे तीन टॅग, प्रत्येकात एकच लेख. ही सगळी पातळ पानं साइटमॅपमध्ये जाऊन बसतात आणि गूगलचा वेळ खातात. लेखकांची फाइलही काढून टाकलेली बरी. एकट्याच्या ब्लॉगवर लेखकाचं पान आणि मुखपृष्ठ यांत फरक नसतो. शिवाय त्या पत्त्यात बहुधा लॉगिनचंच नाव उघडं पडतं. थोडा कोड येत असेल तर ‘डब्ल्यूपी साइटमॅप्स ॲड प्रोव्हायडर’ या फिल्टरने लेखकांची फाइल चार ओळींत बंद होते.

कोडशी वैर असेल तर योस्ट किंवा रँक मॅथ यांपैकी एक घ्या. दोन्हींच्या मोफत आवृत्तीत साइटमॅप आहे. फक्त त्यासाठी पैसे भरू नका. टॅग, लेखक, एखादा लेख वगळणं बटणावर होतं, चित्रांचे पत्तेही यादीत येतात. योस्ट एका फाइलीत १,००० पत्ते ठेवतं, रँक मॅथ सुरुवातीला २००. यांपैकी कुठलंही चालू केलं की वर्डप्रेसचा साइटमॅप बंद होतो आणि ‘साइटमॅप_इंडेक्स.एक्सएमएल’ हा नवा पत्ता लागू होतो. सर्च कन्सोलमध्ये तो नव्याने सादर करा, जुना काढा. जुना काढल्याने गूगल ते पत्ते विसरत नाही, नुसती यादी आवरली जाते. दोन्ही प्लगइन एकदम चालू ठेवणं हा मात्र शुद्ध आत्मघात. दोघांचा मुख्य पत्ता एकच आहे.

बातम्यांच्या साइटला वेगळा न्यूज साइटमॅप हवा. त्यात फक्त गेल्या दोन दिवसांतले लेख आणि एका फाइलीत जास्तीत जास्त १,००० पत्ते चालतात. भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत, एम-आर, द्यावा लागतो. अनेकदा तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहून जातो. योस्ट आणि रँक मॅथ दोघांकडे ही सोय सशुल्क आहे. ‘एक्सएमएल साइटमॅप अँड गूगल न्यूज’ हे मोफत प्लगइन छोट्या जिल्हा पातळीवरच्या पोर्टलला चालून जातं.

बिंगसाठी वेगळे कष्ट नाहीत. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये ‘सर्च कन्सोलमधून आयात’ हा पर्याय आहे. त्याने साइटची पडताळणी आणि साइटमॅप दोन्ही एका फटक्यात येतात. तिथे ‘इंडेक्सनाऊ’ही चालतं, म्हणजे लेख प्रसिद्ध होताच पत्ता आपणहून कळवता येतो. गूगल ते मानत नाही, त्यामुळे ते चालू केल्यावर गूगलमध्ये फरक दिसेल म्हणून वाट पाहू नका.